जुने खोड, नवी पुडी

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी आणि तिच्या आसपासची गावे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आली आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मात्र राज्यांची सीमा जिथे आखली गेली, तिथे वाद्यांची सीमा कधीच नव्हती. या पट्ट्यात विठ्ठलाच्या भजनात पखवाज वाजतो, बीदर जिल्ह्यातल्याच खानापूरच्या मैलार मल्लण्णासमोर, म्हणजे मराठी भक्तांच्या खंडोबासमोर, वाघ्यांची दिमडी चालते, देवीच्या गोंधळात संबळ घुमतो, बिरप्पाच्या उत्सवात कन्नड भाषक भक्त डोळ्ळू गळ्यात अडकवतात आणि वरातीपुढे किंवा मोहरमच्या सवारीपुढे हलगी व ताशा असतात. हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरात तर माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) काळापासून दत्तजयंतीच्या उत्सवाला गायन-वादनाची जोड आहे. अशा मुलखात एखाद्या भजनी मंडळाच्या खोलीत किंवा वादकाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वाद्ये साठत जाणे स्वाभाविक आहे, आणि तितकाच स्वाभाविक असा एक दिवस येतो, की ही सारी जुनी वाद्ये विकून टाकावीत आणि त्या पैशांत चार नवी घ्यावीत, असा विचार कोणीतरी बोलून दाखवतो.

हा विचार वावगा नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या बाबतीत मराठी घरांनी तो नेहमीच केला आहे. चेपलेला हंडा, झिजलेली परात, मूठ तुटलेला तांब्या मोडीत द्यायचा आणि वर थोडी रक्कम घालून नवे भांडे आणायचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मोडीचा हिशेब सोपा असतो, कारण तिथे वस्तूची किंमत तिच्या वजनावर ठरते आणि वितळल्यावर जुन्या तांब्यात व नव्या तांब्यात भेद उरत नाही. चर्मवाद्याला हाच हिशेब लावला की निर्णय चुकतो, आणि तो का चुकतो हे समजण्यासाठी वाद्याच्या रचनेत थोडे शिरावे लागते.

भारतीय परंपरेने वाद्यांचे चार वर्ग मानले आहेत: तारांची ती तत, फुंकून वाजणारी ती सुषिर, टाळ-झांजांसारखी ठोस ती घन, आणि पोकळ भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून बसवलेली ती अवनद्ध. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या या वर्गीकरणातल्या ‘अवनद्ध’ या शब्दाचा अर्थच बांधलेले, मढवलेले असा आहे. म्हणजे हे वाद्य मुळात एक वस्तू नसून दोन वस्तूंची बांधणी आहे. पोकळ लाकडी भांड्याला कारागीर खोड म्हणतात आणि त्यावर चढवलेल्या तयार कातड्याला पुडी म्हणतात. पुडीच्या कडेचा गोफ म्हणजे गजरा, गजऱ्यातून ओवलेली कातड्याची पट्टी म्हणजे वादी, वादीखाली सरकवलेले लाकडी ठोकळे म्हणजे गट्टे, कातड्याची बाहेरची किनार म्हणजे चाट, आणि मधला काळा गोल म्हणजे शाई. या दोन वस्तूंचे आयुष्य सारखे नसते, हीच या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. शेळीच्या कातड्याची पुडी नियमित वाजणाऱ्या हाताखाली काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत थकते, तिची शाई उडते, चाट फाटते, गजरा सैल होतो; खैर, शिसम किंवा बाभळीचे नीट वाळवलेले खोड मात्र कीड आणि तडा यांपासून वाचले तर दोन-तीन पिढ्या सहज पाहते.

खोडाला वयाने जे मिळते, ते नव्याला पैसे मोजूनही मिळत नाही. ओल्या लाकडातून पाणी निघून जाताना ते आकसते, आणि सगळीकडे सारखे आकसत नसल्यामुळे वाकते किंवा तडकते. म्हणून खोड कोरून झाल्यावरही ते सावलीत सावकाश वाळू द्यावे लागते. बाजारातल्या घाईत हा काळ कमी केला जातो आणि दुकानात निर्दोष दिसणारे नवे खोड पहिल्याच उन्हाळ्यात काठाशी उकलते. बीदर-कलबुर्गीचा उन्हाळा कोरडा आणि कडक असतो, त्यामुळे इथे ही परीक्षा लवकर होते. जे खोड असे तीस-चाळीस उन्हाळे पाहून सरळ राहिले आहे, त्याची परीक्षा होऊन गेलेली असते. असे असूनही विकायला काढलेल्या जुन्या पखवाजाची किंमत सर्वसाधारण गिऱ्हाईक त्याच्या फाटक्या पुडीवरून आणि काळवंडलेल्या वादीवरून ठरवते, म्हणजे जो भाग कसाही बदलायचाच असतो त्यावरून. जाणता कारागीर मात्र ते वाद्य हातात घेताच आधी काठ पाहतो, मग आतून बोट फिरवतो, मग बोटाच्या पेराने खोडावर ठोकून आवाज ऐकतो, आणि पडत्या भावात विकत घेतलेल्या त्या खोडावर नवी पुडी चढवून ते नव्याच्या किमतीला विकतो. त्यात त्याची फसवणूक नाही, कारण त्याला जे दिसते ते विकणाऱ्यालाही पाहता आले असते. म्हणूनच जुन्या वाद्याची तुलना नव्याशी करायची असेल, तर आधी जुन्यावर चांगली पुडी चढवून घ्यावी आणि मग दोन्ही ऐकावीत. थकलेल्या पुडीचे वाद्य ताज्या पुडीच्या वाद्याशेजारी ठेवणे ही तुलनाच नव्हे.

पुडीचेही स्वतःचे एक शास्त्र आहे आणि ते भारतीय कारागिरांनी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी सिद्ध केले होते. साधे गोल ताणलेले कातडे वाजवले की त्यातून मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात, त्यांची कंपने मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटींत असतात, म्हणून सामान्य ढोलातून घुमारा येतो पण ठरावीक सूर येत नाही. मध्यभागी शाईचा भार बसवला की हेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटींकडे सरकतात आणि कानाला सूर ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात यावर टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये सविस्तर लेखात दाखवून दिले, की अशा भारित कातड्याच्या कंपनांचे नऊ प्रकार अवघ्या पाच सुसंवादी स्वरांमध्ये गोळा होतात. लोखंडाची भुकटी आणि पिठाची खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घासून, त्यात केसासारख्या बारीक भेगा पाडत शाई भरणारा माणूस हेच काम हाताने करत असतो. त्या भेगा दोष नसतात. त्यांच्यामुळेच शाईचा कडक थर कातड्याबरोबर लवतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला, जिला धुमेची बाजू म्हणतात, शाईऐवजी वादनाच्या वेळी कणीक लावतात आणि वादन संपल्यावर काढून टाकतात. तो भार रोज नव्याने तोलावा लागतो.

सुराच्या याच गुणामुळे ‘एकाच प्रकारची इतकी वाद्ये कशाला?’ हा घरच्या माणसांचा प्रश्न रास्त वाटला तरी पुरता बरोबर नसतो. तबल्याचा सूर मुख्यतः तोंडाच्या व्यासावर आणि कातड्याच्या ताणावर ठरतो. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असेल, तर सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला सुखाने लागतो. स्त्रियांच्या गळ्याला सहसा सोयीच्या असणाऱ्या काळी चार किंवा काळी पाचसाठी सहा इंच किंवा त्याहून मोठे तोंड लागते. एकच तबला गट्टे ठोकून वर-खाली करता येतो, पण त्याला मर्यादा असते. ताणलेल्या पडद्याची कंपने ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सूर एका अर्धस्वराने चढवायला ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि चार अर्धस्वर चढवायचे तर तो दीडपटीच्या वर न्यावा लागतो, जो पुडीला आणि वादीला बहुधा सोसत नाही. म्हणून वेगवेगळ्या गायकांची साथ करणाऱ्या वादकाकडे चार-पाच तबले असणे ही हौस नसून गरज आहे. याउलट ज्या भजनी मंडळात पेटीचा एकच ठरलेला सूर वर्षानुवर्षे चालतो, तिथे त्या सुराला न लागणारे पखवाज कोणी उचलून पाहतही नाही, आणि विकण्याचा विचार खरे तर त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा. संग्रहातल्या प्रत्येक वाद्याचे तोंड मापून, त्याचा सुखाने लागणारा सूर चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याला बांधली, तर एका दुपारी कळते की खरोखर दुबार वाद्ये कोणती आणि नुसती सारखी दिसणारी कोणती.

नवे घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे, हेही आधी ठरवावे लागते, कारण आज ‘नवे’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे जुन्याच पद्धतीने वादी ओवून घडवलेले वाद्य. दुसरे नटबोल्टचे, ज्यात वादी व गट्ट्यांऐवजी लोखंडी कड्या आणि पेच असतात. ते पान्याने चटकन सुरात येते, प्रवासात सोयीचे पडते आणि शिकाऊ हातालाही जमते, पण वजनाने भारी होते व पेच ढिले पडले की खुळखुळते. पायी दिंडीत दिवसभर गळ्यात पखवाज घेऊन चालणाऱ्याच्या मानेला हा फरक चांगला कळतो. तिसरे म्हणजे कातड्याऐवजी प्लास्टिकच्या पडद्याचे. पॉलिएस्टरचा मजबूत पातळ पडदा, जो मायलर या नावाने ओळखला जातो, तो १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने बाजारात आणला. चिक एव्हान्स आणि रेमो बेली या दोघा ड्रमवादकांनी त्याचे पडदे विक्रीसाठी बनवले आणि बेली यांनी १९५७ मध्ये त्यासाठी कंपनीही काढली. आज इकडे ‘फायबरचे पान’ म्हणून ढोल-ताशांवर आणि हलगीवर जे दिसते, ते याच वंशातले. कातडे हवेतली ओल पिऊन सैल पडते, म्हणून हलगीवाल्याला शेकोटीजवळ हलगी धरून ती तापवावी लागते. प्लास्टिक ओल पीत नाही, त्यामुळे भर पावसातल्या मिरवणुकीतही त्याचा कडकडाट तसाच राहतो. मिरवणुकीच्या वाद्यासाठी हा बदल योग्यच मानला पाहिजे, आणि ज्या वादकाचे पोट वरातींवर चालते, त्याला कातड्याच्या अस्सलपणाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पखवाजाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा सूर शाई आणि कातडे यांच्या एकजीव लवचिकतेतून येतो, आणि त्याला अजून तरी तोडीस तोड असे प्लास्टिक भजनी मंडळांच्या हाती आलेले नाही.

जुने देऊन नवे घेण्याचे जगातले एक प्रसिद्ध उदाहरण इथे आठवते. ‘बीटल्स’ या इंग्लिश गायक-वादक समूहातील रिंगो स्टार यांनी १९६३ च्या मे महिन्यात लंडनच्या ‘ड्रम सिटी’ या दुकानाला आपला ‘प्रीमियर’ बनावटीचा जुना ड्रमसंच देऊन त्या बदल्यात ‘लुडविग’ बनावटीचा नवा संच घेतला. त्या वेळी तो एका वादकाने रोजच्या कामासाठी केलेला साधा बदल होता. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात तोच लुडविग संच सुमारे २१ लाख डॉलरना विकला गेला. लाकूड आणि पडदे यांच्यासाठी एवढी रक्कम कोणी देत नाही. ती त्या संचावर वाजलेल्या गाण्यांची किंमत होती. दुबलगुंडीसारख्या गावातल्या पखवाजावरही कोणाच्या तरी हाताचा असाच इतिहास असतो, फक्त त्याची बोली लावणारा बाजार नसतो. ज्या वाद्यावर गावातल्या दोन पिढ्या काकड आरतीला जाग्या झाल्या, ते बाहेर नेले की केवळ ‘एक जुना पखवाज’ उरतो आणि तशीच किंमत मिळते. बाजारभाव आणि गावातले मोल यांच्यातली ही दरी जितकी मोठी, तितके ते वाद्य विकण्यात नुकसान जास्त, असा एक ढोबळ आडाखा बांधता येतो. तांब्याच्या जुन्या नगाऱ्याच्या किंवा डग्ग्याच्या बाबतीत तर ही दरी डोळ्यांनी दिसते, कारण भंगारवाला त्याला थेट तराजूत घालतो.

विकण्याआधी वाद्य कोणाच्या मालकीचे आहे हे तपासण्याला पर्याय नाही. वर्गणीतून घेतलेला पखवाज मंडळाचा असतो, तो ज्याच्या घरी ठेवलेला असतो त्याचा नव्हे. आणि देवळातला नगारा किंवा चौघडा देवस्थानाचा असतो. कर्नाटकात देवस्थान मुजराई खात्याच्या, म्हणजे शासनाच्या धर्मादाय खात्याच्या, अखत्यारीत असेल, तर त्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावणे गावातल्या कोणा एकाच्या हाती नसते. वाद्य शंभर वर्षांहून जुने असून कारागिरीचा नमुना ठरत असेल, तर १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यामुळे ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. याहून गंभीर बाब दिमडीची आहे. जुन्या दिमड्या आणि काही खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याने मढवलेल्या असत, आणि घोरपड ही १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे तिच्या कातड्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. आजोबांची दिमडी म्हणून अजाणतेपणी ती विकायला काढणारा माणूस अडचणीत येऊ शकतो. त्याने आधी वनखात्याकडे विचारणा करावी आणि वाजवण्यासाठी शेळीच्या कातड्याची दुसरी दिमडी वापरावी.

हलगीसंबंधी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. सीमेच्या दोन्ही बाजूंना हलगी वाजवण्याचे काम शतकानुशतके ठरावीक जातींवर लादलेले होते, ते गावकीचे ओझे होते, आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारे शिळेपाके अन्न हा अपमान होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने ही कामे सोडण्याचे जे आवाहन केले, त्याला प्रतिसाद देताना अनेक कुटुंबांनी वाद्येही टाकून दिली. अशा घरातून हलगी बाहेर गेली असेल, तर ते वारशाचे नुकसान म्हणून मोजणे अन्यायाचे होईल. उलट ज्या तरुणांनी आज स्वतःच्या इच्छेने हलगीचे ताफे उभे केले आहेत आणि जे आपल्या वादनाचा दर स्वतः ठरवतात, त्यांना जुने कडे ठेवायचे की नवे घ्यायचे हे ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. संग्रह जपण्याचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा वाजवणारे नसतात, हे विसरता कामा नये.

न विकता आणि न वापरताही संग्रह टिकवण्याचा एक मार्ग पुण्याच्या दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी दाखवला. १९२० च्या सुमारास त्यांनी रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यात पुढे देशभरातली वाद्येही आली, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभा केलेला हा ‘राजा केळकर’ संग्रह त्यांनी अखेर महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अखंड राहिल्यामुळे त्या वाद्यांना अभ्यासाचे मोल आले; तीच वाद्ये एक-एक करून विकली गेली असती, तर ती केवळ दिवाणखान्यांची शोभा झाली असती. तरीही संग्रहालयाचा मार्ग प्रत्येक संग्रहाला लागू पडत नाही. काचेआडचा पखवाज सुरक्षित राहतो पण मुका होतो, आणि न वाजणाऱ्या पुडीला कसर लागते. चांगल्या खोडाचा पण मंडळाच्या सुराला न लागणारा पखवाज शेजारच्या गावातल्या शिकणाऱ्या मुलाला अल्प किमतीत देणे हा विक्रीचाच एक प्रकार आहे, आणि त्यात वाद्य वाजतेही राहते व डोळ्यांसमोरही राहते. पैशांच्या हिशेबात हा सौदा तोट्याचा दिसतो. तरी शक्य असेल तिथे तोच करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

एवढे पाहून झाल्यावर बहुतेक संग्रहांची विभागणी आपोआप होते. काठापासून कमरेपर्यंत तडा गेलेले, किडीने आतून पोखरून हलके झालेले खोड दुरुस्तीला घेऊन बसण्यात अर्थ नसतो. ते निःशंकपणे द्यावे. घट्ट खोडाची, मंडळाच्या सुराला लागणारी वाद्ये ठेवून त्यांना नव्या पुड्या चढवाव्यात, कारण एका नव्या पखवाजाच्या किमतीत दोन किंवा अधिक जुन्यांवर पुड्या चढवून मिळणे अशक्य नसते. एखादे वाद्य वाजत नसूनही ज्याच्या हातचे होते त्याच्यासाठी ठेवायचे असेल, तर ते तसे ठरवून ठेवावे, त्या वादकाचे नाव आणि साल लिहून, म्हणजे पुढच्या पिढीला ते अडगळ वाटणार नाही. आणि उरलेल्या पैशांत खरोखर उणीव असलेले एकच नवे वाद्य घ्यावे, मग तो मुलींच्या भजनासाठी मोठ्या तोंडाचा तबला असो किंवा पावसातल्या मिरवणुकीसाठी फायबरच्या पानाचा ताशा.

वेळ साधण्यालाही महत्त्व आहे. पंढरपूर हे पखवाज, तबला आणि ढोलकीच्या कारागिरांचे मोठे ठिकाण, आणि आषाढी जवळ आली की साऱ्या दिंड्यांची वाद्ये एकदम दुरुस्तीला येतात. त्या घाईत खोड नीट पाहून घेण्याची उसंत ना कारागिराला मिळते, ना गिऱ्हाइकाला. शिवाय दमट हवेत चढवलेली पुडी पुढे कोरड्या दिवसांत वेगळीच वागते. माघी वारी उरकून परतणाऱ्या मंडळाने चैत्राच्या आत जुनी खोडे कारागिराकडे सोपवली, तर कोरड्या हवेत नव्या पुड्या चढतात, एकादशीच्या दोन-चार भजनांत त्या हाताला मऊ होतात, आणि कोणता पखवाज आषाढीला बरोबर न्यायचा व कोणता विकायचा, हे कान सांगू लागतो.